आठ महिने बंद पडलेली करवत

मी जेवत असताना बाबांनी करवत आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. पेट्रोलवर चालणारी, झाडं कापायची, साखळीची करवत. वजन सहा किलो, वास त्याहून जास्त.

"उघडून बघ," ते म्हणाले.

"बाबा, निदान जेवून हात तर धुऊ द्या."

"धुऊन काय उपयोग? परत काळेच होणार."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "जेवायच्या टेबलावर ते धूड कशाला आणलंत?" बाबांनी मुकाट्याने करवत उचलली आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवली. मला ते फार खटकलं. पूर्वीचे बाबा असते तर त्यांनी आधी आईला दोन सुनावल्या असत्या, मग माझ्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला असता आणि करवत जिथल्या तिथे ठेवली असती.

माझे वडील बत्तीस वर्षं झाडं तोडत आले. जंगलातली नाही, वस्तीतली. घरावर झुकलेली, तारांत घुसलेली, वादळात अर्धी मोडून लटकलेली. कमरेला दोर बांधून वर चढायचं, फांदी फांदी करून अख्खं झाड खाली उतरवायचं आणि कुणाच्या छपराला ओरखडा येऊ द्यायचा नाही. या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. मुलगी म्हणून कौतुक करत नाही मी. कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करायची माझी नोकरी आहे. कुणाच्या हातात कसब आहे आणि कुणाच्या हातात नुसता पाना आहे, ते मला लांबून कळतं. बाबा मला 'फिटर' म्हणतात. आईला ते बिलकूल आवडत नाही.

आठ महिन्यांपूर्वी ही करवत कामावर असताना एकाएकी जाम झाली. असल्या इंजिनाला पेट्रोलमध्येच मापाने ऑइल मिसळून द्यावं लागतं. ते नसलं तर आतला पिस्टन कोरडाच घासतो, तापतो आणि बघता बघता चिकटून बसतो. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तेच झालं होतं. एरवी मिश्रण आई करायची, पण त्या सकाळी त्यांनी स्वतः केलं आणि ऑइल घालायला विसरले.

नुसते विसरले असते तर चार दिवस चिडचिड करून मोकळे झाले असते. पण त्यांना मिश्रण केल्याचंच आठवत नव्हतं. कॅन उचलल्याचं नाही, पेट्रोल ओतल्याचं नाही, काहीच नाही. "तुम्हीच तर केलंत," आई म्हणाली होती. "मी आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर कॅन तयार." म्हणजे सकाळचा तेवढा तुकडा त्यांच्या डोक्यातून पुसला गेला होता, आणि तो पुसला गेला हेही त्यांना दुसऱ्याने सांगावं लागलं होतं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. खिशात वही आली. गॅस बंद केला, लिहिलं. दाराला कडी लावली, लिहिलं. एखादा किस्सा रंगात येऊन सांगताना मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "हे मी मघाशी सांगितलं का?" लांबच्या रस्त्याला एकटं जायचं बंद केलं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालं की व्हायचंच, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या आई रोज वेळेवर देत होती. मी दर रविवारी यायचे, बाबांशी मोठ्या आवाजात हसून बोलायचे आणि घरी परतताना रस्त्यात रडायचे.

जेवण झाल्यावर मी पडवीत गेले. बाबा करवतीसमोर स्टुलावर बसले होते.

"दुरुस्तीच्या दुकानात नेली होती," ते म्हणाले. "तो म्हणतो, मोडीत घाला, एवढ्यात नवी येईल. नवी घ्यायला पैसा कुठाय? तू घरच्या घरी काय होतंय ते बघ. फार खर्चात पडू नकोस."

"आणि दुरुस्त झाल्यावर काय करणार?"

"एकदा मला माझ्या हाताने मिश्रण करून ही चालवायची आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी न सांगता." त्यांनी वहीचा कोपरा नखाने दुमडला. "जमलं तर जमलं. नाही जमलं तर तू मला तोंडावर सांगायचंस, फिटर. मग मी तुम्ही म्हणाल तसा राहीन."

अशा वेळी नाही कोण म्हणणार? मी बाह्या सरसावल्या.

पहिल्या रविवारी नुसती उघडाउघड झाली. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला आणि मी तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. क्लच सोडवायला दुकानात खास हत्यार असतं, ते आमच्याकडे कुठलं? प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सारली, म्हणजे पिस्टन अडून राहतो, आणि पाना उलटा फिरवला. इंजिन बाहेर आलं. पिस्टन गेलाच होता. सिलिंडरच्या भिंतीवर मात्र पिस्टनचं अॅल्युमिनियम नुसतं थापलं गेलं होतं, खालचा कडक थर शाबूत होता. सगळा खर्च सिलिंडरचा असतो. तो वाचला तर काम आमच्या आवाक्यात होतं.

"संडास धुवायचं अॅसिड आण," मी आईला म्हटलं.

"आता ते कशाला?"

"करवतीला अंघोळ घालायची आहे."

काडीला कापूस गुंडाळून अॅसिडचा बोळा हळूहळू भिंतीवरून फिरवला. अॅल्युमिनियम फसफसून उठत होतं. पुसायचं, धुवायचं, पुन्हा लावायचं. मग अगदी बारीक पॉलिश पेपर. दुपार त्यातच गेली. बाबा शेजारी बसून प्रत्येक स्क्रूची जागा वहीत लिहीत होते, आणि गंमत म्हणजे लिहायच्या आधीच मला सांगत होते. "हा आखूड स्क्रू हँडलच्या आतल्या बाजूचा. हा नाही, त्याचा जोडीदार. त्याच्या डोक्याला खरचटलंय बघ." ही करवत त्यांनी स्वतः शेवटची कधी उघडली होती म्हणून विचारलं, तर नऊ वर्षांपूर्वी. नऊ वर्षांपूर्वीच्या स्क्रूच्या डोक्यावरचं खरचटणं ज्याला आठवतं, त्याला आठ महिन्यांपूर्वीची सकाळ कशी आठवत नाही? मला हसूही आलं आणि कसंसंही झालं. पण मी डॉक्टर थोडीच आहे, म्हणून पुन्हा पॉलिश पेपर हातात घेतला.

आठवड्याभरात मी स्वस्तातला पिस्टन आणि रिंगा मिळवल्या. सांध्यातली फट बुजवणारं गॅस्केट बिस्किटांच्या पुठ्ठ्याचं कापलं. दुसऱ्या रविवारी सगळं मांडून बसले, पण लगेच बसवलं नाही. जुना भाग कशाने मेला हे समजल्याशिवाय मी नवा बसवत नाही. कारखान्यात माझा याच सवयीवरून उद्धार होतो. बाबा म्हणत होते ऑइल नव्हतं, पण नळी कुठे चिरली असेल, फिल्टर तुंबला असेल, तरीही इंजिन असंच कोरडं पडतं. मी नळी वाकवून बघितली, फिल्टर फुंकून बघितला. दोन्ही ठणठणीत. मग टाकीच्या तळाशी राहिलेल्या पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकला. ऑइल मिसळलेलं असेल तर पेट्रोल उडून जातं आणि तेलकट डाग मागे राहतो. हा कागद वाळून कोरा झाला. बाबांचं बरोबर होतं.

खात्री म्हणून कोपऱ्यातला कॅन ओढला. आमच्याकडे दोन कॅन असतात, दिसायला सारखे. एकात नुसतं पेट्रोल, दुसऱ्यात मिश्रण. घोटाळा होऊ नये म्हणून मिश्रण तयार झालं की त्या कॅनच्या मुठीला लाल चिंधी बांधायची, ही घरातली पद्धत. चिंधी दिसली की बाबा कॅन उचलणार आणि काही न विचारता टाकीत ओतणार. या कॅनला चिंधी होती, त्या दिवसापासून तशीच. थेंब टाकला. कागद कोरा.

झाकण लावताना माझी नजर गाठीवर गेली.

बाबांच्या गाठी मी लहानपणापासून पाहते आहे. ज्या गाठीवर जीव टांगायचा ती गाठ कशी असते ते त्यांच्याकडून शिकावं: ओढली की आणखी आवळते. चपलेचा तुटका पट्टासुद्धा ते तशाच गाठीने बांधतात. कॅनवरची गाठ तसली नव्हती. एकच फास, दुसरं टोक दोनदा वळवून आत खोचलेलं. शाळेत असताना दहा वर्षं रोज सकाळी माझ्या वेणीच्या रिबिनीला हीच गाठ पडत होती. पळा, उड्या मारा, सुटायची नाही.

मी कॅन उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. बाबा पुढच्या खोलीत डुलकी काढत होते. आई टेबलाशी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होती.

"आई, ही चिंधी कुणी बांधली?"

तिने कॅनकडे बघितलं, मग दाराकडे. तिला कांगावा करता येतो, चांगला येतो, पण त्या दिवशी तिने केला नाही.

"हळू बोल," ती म्हणाली.

"ऑइल घातलं नाहीस आणि चिंधी बांधलीस?"

"चिंधी नसती तर त्यांनी तो कॅन नेला नसता."

मी कॅन खाली ठेवला.

"त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना झाडावर चक्कर आली होती," आई म्हणाली. "खाली दोर धरणाऱ्याने मला येऊन सांगितलं. अर्धा तास दोरावर मान टाकून लटकत होते. घरी आले आणि जेवले, जसं काही झालंच नाही. मी विचारलं तर हसले. हातापाया पडले मी, सोडा म्हटलं. म्हणाले, तुला कोण काय सांगतं आणि तू ऐकतेस. म्हटलं, मशीनच मोडलं तर गप्प घरी बसतील."

"आणि ते वर असताना ती जाम झाली असती तर? हातात चालू करवत घेऊन?"

"त्या दिवशी खालचं काम होतं. पडलेलं खोड कापायचं होतं. मी दोर धरणाऱ्याला आधी विचारून घेतलं होतं."

सगळा हिशेब नीट केला होता तिने. मला तिचा राग आला आणि त्या रागातही वाटलं की माझी कामाची सवय हिच्याकडूनच आली असणार.

"बरं, मशीन मोडलं. मग त्यांना का सांगितलंस की तुम्हीच केलंत?"

ती गोळ्यांच्या पाकिटाशी चाळा करत राहिली. "तोंडातून निघून गेलं. ते मला विचारायला लागले, ऑइल घातलं होतंस ना? मी घाबरले. म्हटलं, तुम्हीच तर केलंत. मला वाटलं भांडतील, नाही म्हणतील. पण त्यांनी लगेच मानलं गं. बत्तीस वर्षांत माझी एक गोष्ट कधी लगेच मानली नव्हती."

"आई, ते स्वतःला वेडे समजायला लागलेत."

"दिसतंय मला. मी याच घरात राहते." तिने डबीचं झाकण दाबून बसवलं. "रोज वाटतं सांगावं. मग त्या दोरावर लटकलेले डोळ्यांपुढे येतात. तू सांग हवं तर. सांगितलंस की दुसऱ्या दिवशी ते झाडावर असतील. मग खाली कसे येतील ते तू बघ."

मी सांगितलं नाही. एवढी तोंडाळ मी, कारखान्यात साहेबाला तोंडावर बोलणारी, आणि आठवडाभर दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिले. प्रत्येक संध्याकाळी ठरवायचे की उद्या फोन करते. मग वाटायचं, चक्कर तर खरी आहे. मग बाबांची वही आठवायची. आईचं चूक होतं हे मला ठाऊक होतं, पण तिच्या जागी मी काय केलं असतं हे काही केल्या सुचत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सकाळी पिस्टन बसवला. रिंगा बोटांनी दाबत, श्वास रोखून सिलिंडरमध्ये सरकवल्या. कार्बोरेटर धुतला, आतला कडक झालेला पडदा बदलला, साखळीला कानस मारली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"आता बाजूला हो, फिटर," बाबा म्हणाले.

त्यांनी रिकामा कॅन घेतला. माप घेतलं. ऑइल ओतलं, वहीत लिहिलं. पेट्रोल ओतलं, लिहिलं. कॅन हलवला. एक थेंब सांडला नाही. टाकी भरली, पायाने हँडल दाबून धरलं आणि स्टार्टरची दोरी ओढली. एकदा, दोनदा. सहाव्या ओढीला करवत खोकली. आठव्या ओढीला पेटली.

आमचं अंगण त्या आवाजाने भरून गेलं. बाबांनी ती थोडी तापू दिली, मग जळणाच्या ढिगातलं एक जाड खोड ओढून त्यावर करवतीची पट्टी टेकवली. लोण्यासारखं कापलं गेलं. आणखी एक. आणखी एक. त्यांचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की मी येड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. त्यांनी करवत बंद केली.

"जमलं की नाही?" मी म्हटलं. "सगळं स्वतः केलंत! मी अवाक्षर बोलले नाही."

"जमलं," ते म्हणाले. कपाळ पुसलं. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. वही काढून त्यांनी मघाचं पान बघितलं, पुन्हा बघितलं. "ऑइल घातलं होतं ना मी?"

"बाबा! त्याशिवाय चालली असती का?"

"हो, हो. तसं नाही." ते स्टुलावर बसले. "आज तू समोर होतीस, म्हणून लक्ष होतं. आज जमलं म्हणून त्या दिवशीचं परत थोडंच येतं? त्या सकाळी मी कुठे होतो, फिटर? उभा होतो, चालत होतो, कॅन हातात होता, आणि मी नव्हतोच. असं पुन्हा झालं तर मला कळणारही नाही."

तीन रविवार खपून मी ते यंत्र नीट केलं होतं आणि ज्याच्यासाठी केलं त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. माझा संयम सुटला.

"तुम्ही काही विसरला नाहीत," मी म्हटलं. "त्या सकाळी तुम्ही कॅनला हातच लावला नव्हता. मिश्रण आईने केलं. मुद्दाम बिनऑइलचं. तुम्ही वर चढू नये म्हणून."

आई दारातून हलली नाही. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग तिच्याकडे.

"खरं?"

"खरं," आई म्हणाली. आणि मग एकदम पायऱ्या उतरून खाली आली. "मला काय बोलायचं ते बोला. शिव्या द्या. पण वर जाऊ नका. चक्कर आली होती की नाही तुम्हाला? सांगा हिच्यासमोर."

"आली होती."

"मग?"

"हे वर्ष झालं की सोडणार होतो."

"दरवर्षी सोडता तुम्ही!"

मला वाटलं आता बाबांचा आवाज चढेल, पूर्वीसारखं भांडण होईल, शेजारची माणसं खिडक्या उघडतील. मी मनातून त्याची वाटच बघत होते. पण ते तसेच बसून राहिले, मांडीवर वही घेऊन. मग त्यांनी वही मिटली.

"किती महिने झाले?" त्यांनी विचारलं.

"आठ," आई म्हणाली.

"आठ महिने रोज सकाळी जाग आली की मी डोळे मिटूनच पडायचो," बाबा तिला म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आधी तुझं नाव आठवून बघायचो. ते आठवलं की मगच डोळे उघडायचो. कधी कधी घाबरल्यामुळे लगेच आठवायचं नाही. तेव्हा तू शेजारी उठून बसलेली असायचीस. माझ्या कपाळावर हात ठेवून विचारायचीस, काय झालं, बरं वाटत नाही का?"

आई होती तिथेच खालच्या पायरीवर बसली. बाबांनी तिला उठवलं नाही. मीही नाही.